तिसऱ्या आठवड्याची नोटीस

सेल्मर ट्वेट रविवारी सकाळी चर्चच्या पहिल्या घंटेला वारला आणि त्याच्या बायकोच्या, गुडरुनच्या डोक्यात पहिला विचार आला तो गुरुवारच्या अंकाचा. याची तिला मागाहून लाज वाटली. पण पस्तीस वर्षं जिने दर गुरुवारी गावाच्या हातात वर्तमानपत्र ठेवलं, तिच्या डोक्यात दुसरं येणार तरी काय? खाटेवरचा हात तिच्या हातात गार होत होता आणि ती मनात म्हणत होती, नोटीस दोनदा आली, तिसऱ्यांदा यायचीय.

नोटीस दवाखान्याच्या मतदानाची होती. सेल्मर ज्या खाटेवर गेला ती याच दवाखान्यातली. बारा खाटा, खालचा मजला विटांचा आणि वरचा लाकडी. आगीची भीती म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याने बजावलं होतं की वरचा मजला पक्का बांधा, नाहीतर वर्षअखेर दाराला कुलूप लावा. बांधायचा तर कर वाढवायला हवा, कर वाढवायचा तर मतदान हवं, आणि मतदानाची नोटीस गावच्या वर्तमानपत्रात लागोपाठ तीन आठवडे छापून यायला हवी. मधला एक आठवडा जरी चुकला तरी मतदान रद्द. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी तर कराच्या याद्या बंद व्हायची तारीख उलटून जात होती. नॉर्थ डकोटातल्या व्हेस्टबीसारख्या आठशे वस्तीच्या गावालाही कायदा तोच होता.

शुद्धीवर असताना सेल्मरचं बायकोशी शेवटचं बोलणं झालं तेही याच विषयावर.

"या गुरुवारी तिसरी," तो म्हणाला होता.

"माहितीय मला."

"माहितीय म्हणून सोडू नकोस. डोळ्यांनी बघ."

मग पाणी प्यायला, भिंतीकडे वळला आणि झोपला. एवढ्या वर्षांच्या संसारात शेवटी असं बोलणं व्हावं, हे तिला नवल वाटलं नाही. तो आधी गावाचा होता आणि मग उरलासुरला तिचा. 'व्हेस्टबी रेकॉर्ड' त्याचा. मालक तोच, बातमीदार तोच, जाहिराती गोळा करत फिरणाराही तोच. शाळेच्या मंडळावर एकवीस वर्षं. आग विझवणाऱ्या पथकाचा म्होरक्या. दवाखाना तर त्याने अक्षरशः मागून आणलेल्या लाकडांवर उभा केला होता. रेल्वेजवळचं जुनं धान्यकोठार पाडलं तेव्हा त्याच्या फळ्या सेल्मरने फुकट मिळवल्या आणि चार शेतकऱ्यांना घेऊन स्वतः छपरावर चढला. त्या दिवसांत छापखाना गुडरुनच सांभाळत होती. लायनोटाइप यंत्रावर बसून वितळलेल्या शिशाच्या ओळी पाडता पाडता तिच्या बोटांवर पांढरे डाग पडले होते. ते मोजायची सवय तिने केव्हाच सोडली होती.

वर्ष एकसष्टचं. जूनपासून आभाळाने थेंब टाकला नव्हता. गव्हाच्या ओंब्या वीतभर उंचीवरच वाळल्या आणि लोकांनी कापणी यंत्र लावायच्या ऐवजी शेतात गुरं सोडली. खिडक्या बंद केल्या तरी धूळ आत येऊन ब्रेडवर बसायची. अशा साली लोकांकडे जास्तीचा कर मागणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. दक्षिणेकडच्या वाडीवस्तीचे शेतकरी उघड विरोधात होते. सेल्मरचा हिशेब होता की मतदान झालं तर पन्नास-साठ मतांनी निघेल. तो घरोघर फिरून आला होता आणि त्याच फिरण्यात छातीवर हात ठेवून कुणाच्यातरी ओसरीवर बसला होता.

सोमवारी मुलगी मार्लिस मिनियापोलिसहून आली. आईला मिठी मारली, रडली, आणि छापखान्याच्या दारातून आत डोकावून म्हणाली, "आई, या आठवड्यात हे नको. शेजारच्या हार्लो गावच्या पेपरकडं दे ना छापायला. माणुसकीनं करतील ते."

"हार्लोच्या?" गुडरुनने यंत्रावरून मान वळवली नाही. "दवाखाना तिकडं जावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेत ते. त्यांच्या हातात आपली नोटीस देऊ?"

"मग निदान दोनच पानं काढ."

"तुझा बाप दोन पानांचा होता का?"

मार्लिसने चार कपड्यांच्या घड्या केल्या आणि मग बाही सरसावून गिऱ्हाइकांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या कातरायला बसली. ट्वेटांच्या घरात रडायलाही हातात काम लागायचं.

छापखान्यात तिसरा माणूस पेडर मोएन. वय चौसष्ट, लग्न नाही, एक खुबा निकामी, चालताना डावीकडे झुकायचा. चौतीस वर्षं छपाईचं यंत्र त्याच्याकडे होतं. पेडर मजकूर वाचत नसे, त्याला ओळींची लांबी कळायची. सांगाल ते करायचा, सांगाल तसंच करायचा, आणि त्यावर दुसरा प्रश्न विचारायचा नाही. सेल्मर थट्टेने म्हणायचा, "पेडरला मी बायबल उलटं छाप म्हटलं तर तो फक्त विचारेल, किती प्रती?"

मंगळवारी माणसांची रीघ लागली. दूध संघाचा चेअरमन आला, चर्चच्या महिला मंडळाच्या दोघी आल्या, शाळेचे हेडमास्तर, आगपथकातली माणसं, एकेका वाडीचे पंच. प्रत्येकाच्या हातात घडी घातलेला कागद. सेल्मरविषयी चार ओळी, दहा ओळी, एकाच्या तर दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध. यातल्या निम्म्या लोकांनी त्याच्या सभांना दांडी मारली होती आणि दोघांनी वर्गणी बंद करायच्या धमक्या दिल्या होत्या. पण सेल्मरने जन्मात कुणाचा कागद परत केला नव्हता. लिंडविगांच्या घरी रविवारी पाहुणे जेवायला आले, एवढं लिहून आणलं तरी तो छापायचा. मग त्याच्याच आठवणीचा कागद ती कशी परत करणार? ती एकेक घेत होती, "बसा, कॉफी घ्या" म्हणत होती आणि ते गेले की यंत्रावर बसत होती.

बाहेर शंभर फॅरनहाइटची होरपळ आणि यंत्राच्या बाजूला उकळतं शिसं. तिच्या पायांना सूज आली, बुटांचे बंद सैल केले तरी पाय आत मावेनात. शेवटी तिने सेल्मरच्या जुन्या सपाता घातल्या.

पेडरने शिशाच्या ओळींनी भरलेल्या लांब थाळ्या मोजल्या. "चार पानांत हे मावायचं नाही."

"मावव."

"शिसं आहे गुडरुन, रबर नाही."

"शेतीचे भाव काढ. पाकक्रिया काढ. सर्कशीची जाहिरात पुढच्या आठवड्यात."

बुधवारी दुपारी बारा वाजता चारी पानं लोखंडी चौकटीत आवळून तयार झाली. पेडरने त्यांवर शाईचा रूळ फिरवून एकेक कच्चा छाप काढला. गुडरुन तिसरं पान घेऊन खिडकीपाशी गेली. तळाला, उजव्या कोपऱ्यात, चौकटीत नोटीस होती. तिने बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. मतदानाची तारीख पाच सप्टेंबर, जागा, वेळ, कराचा आकडा. एक स्वल्पविरामही हलला नव्हता. समासात तिने आपली आद्याक्षरं घातली. डोळ्यांनी बघ म्हणाला होता, तिने बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदाच तिने श्वास पोटापर्यंत घेतला.

"पट्ट्या उलट्या करायच्या का?" पेडरने विचारलं.

छापखान्याची ती रीत होती. रकान्यांच्या मध्ये पितळेच्या पट्ट्या असतात, त्यांची वरची कड बारीक आणि खालची जाड. मालक गेला की पट्ट्या उलट्या बसवायच्या, म्हणजे सगळ्या अंकावर काळ्या जाड रेघा उमटतात आणि न सांगताच गावाला कळतं. सेल्मरच्या वडलांच्या वेळी सेल्मरने केल्या होत्या.

"कर," ती म्हणाली.

त्यासाठी आवळलेली पानं पुन्हा सैल करावी लागली. पेडर वाकून एकेक पट्टी उपसत होता, उलटवून बसवत होता. अडीच वाजत आले होते आणि पेडरपुढे तिसरं पान उघडंच पडलं होतं, तेव्हा दारात नेल्स हाउगेरूड उभा राहिला.

नेल्स म्हणजे दक्षिणेकडच्या विरोधकांचा पुढारी. वीस वर्षं प्रत्येक सभेत मागच्या बाकावर बसायचा आणि सेल्मर बोलून थांबला की उठून म्हणायचा, "शाई पेरून गहू येत नाही, सेल्मर." लोक हसायचे. सेल्मरही हसायचा, पण घरी येऊन जेवायचा नाही. आज नेल्सच्या अंगावर स्वच्छ शर्ट होता, मानेच्या घड्यांत मात्र धूळ. टोपी हातात.

"ट्वेटबाई, आधीच सांगतो," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मत मी विरोधातच टाकणार. त्यात बदल नाही. पण हे छापायचं."

पेन्सिलने लिहिलेले चार कागद. गुडरुन वाचू लागली. तीन वर्षांमागे जानेवारीत नेल्सची बायको बोर्गहिल्ड शस्त्रक्रियेसाठी याच दवाखान्यात होती आणि नेल्सचा हात मोडलेला होता. नेल्सने लिहिलं होतं, तेव्हा सेल्मर ट्वेट अकरा दिवस रोज पहाटे येऊन माझ्या चौदा गायी पिळून गेला. कुणाला सांगू नकोस म्हणाला. पेपरात एक अक्षर आलं नाही. सभेत मी त्याला टोमणा मारला तेव्हाही तो हे बोलला नाही.

अकरा दिवस. गुडरुनला ते दिवस आठवले. पहाटे टपालगाडीशी काम आहे म्हणून जायचा आणि अंगाला शेणाचा वास घेऊन यायचा. तिने विचारलं तर म्हणायचा, गोठ्यातल्या माणसाची मुलाखत घेतली. तिने त्यावरून भांडण काढलं होतं, तीन दिवस बोलली नव्हती. आता ती कागद धरून उभी होती आणि तिला आपल्या नवऱ्याचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की दोन्हींत वेगळं काय ते तिला कळेना.

"छापते," ती म्हणाली आणि यंत्रावर जाऊन बसली. नेल्सने टोपी घातली आणि गेला.

यंत्राचा खडखडाट सुरू झाला. त्यावरून ती ओरडली, "पेडर, तिसऱ्या पानावर जागा कर."

"किती?"

"हातभर."

"काय काढू?"

"येऊन गेलेलं असेल ते काढ."

पेडर थांबला. "येऊन गेलेलं?"

"मागच्या अंकात येऊन गेलेलं, पेडर. काढ म्हणते ना."

पेडरने पान पाहिलं. तिसऱ्या पानावर मागच्या अंकातून जसंच्या तसं उचललेलं एकच होतं, तळाची चौकट. लांबीही जवळपास तेवढीच. त्याने दोन्ही हातांच्या पंजांत धरून ती उचलली आणि थाळीत ठेवली. चार वाजता नेल्सचा मजकूर बसला, पान आवळलं गेलं. गुडरुनने नवीन मजकुराचा तेवढा छाप वाचला. बाकीचं पान तिने दुपारी वाचलेलंच होतं. सव्वाचारला यंत्र सुरू झालं. पेडर कागद घालत होता, गुडरुन घड्या घालत होती, मार्लिस पत्ते डकवत होती. सहाच्या आत नऊशे अंक पोत्यांत भरून टपाल कचेरीत गेले.

गुरुवारी अकराला सेल्मरला माती दिली. खड्डा खणणाऱ्यांना पहारी लागल्या होत्या, जमीन एवढी कडक झाली होती. चर्चच्या तळघरात जेवण होतं: हॅमचे सँडविच, भट्टीत भाजलेले बटाटे, कॉफी. दारापाशी अंकांचा गठ्ठा ठेवलेला आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक. लोक स्वतःचं लिहिलेलं शोधून एकमेकांना दाखवत होते. काळ्या रेघांचं कौतुक होत होतं. गुडरुन बसली होती, लोक येऊन तिचे हात दाबत होते, आणि तिला खोटं का बोला, थोडं बरंही वाटत होतं.

मग तिला ऑर्विल स्टेन दिसला. तो कौंटीच्या कचेरीतला मुख्य कारकून, मतदानाचं सगळं त्याच्याकडे. ताट बाजूला सारून तो अंक चाळत होता. वाचत नव्हता, शोधत होता. चारी पानं झाली, पुन्हा पहिल्यापासून लागला. मग अंक घेऊन तिच्यापाशी आला आणि खुर्ची ओढून हळू आवाजात म्हणाला, "मिसेस ट्वेट, नोटीस कुठल्या पानावर घेतलीत?"

"तिसऱ्या. तळाला."

त्याने तिसरं पान तिच्यापुढे धरलं. तळाला नेल्स हाउगेरूडच्या चौदा गायी होत्या.

गुडरुनने पान हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. तळघरात कुणीतरी हसलं, कपबशा वाजल्या. ती तशीच बसून राहिली आणि कुणीतरी तिच्या कपात कॉफी ओतून गेलं.

शुक्रवारी सकाळी तिला कचेरीत बोलावलं. टेबलाशी स्टेन, दवाखान्याच्या मंडळाचे दोघे आणि डॉक्टर. पेडरने तिला गाडीतून आणलं होतं, तो टोपी हातात घेऊन दाराशी उभा. स्टेनने एक छापील कागद पुढे सरकवला. नोटीस तीन आठवडे लागोपाठ प्रसिद्ध झाली, असं शपथेवर लिहून देण्याचा तो कागद. दर वेळी सेल्मर सही करायचा.

"मी काही अंक उघडून बघणार नाही," स्टेन टेबलाकडे बघत म्हणाला. "कागद आला की मी फायलीत लावतो. एवढंच माझं काम."

"विरोधकांतलं कुणी बघेल," गुडरुन म्हणाली.

"बघितलं तर बघितलं. तोवर मतदान होऊन जाईल."

"छापली नाही ती. छापली म्हणून कशी लिहू?"

डॉक्टर दोन रात्री झोपले नव्हते असं दिसत होतं. "गुडरुन, बारा खाटा आहेत. पुढच्या महिन्यात चार बाळंतपणं आहेत. सेल्मर असता तर त्यानं सही केली असती."

पस्तीस वर्षं एका ताटात जेवून तिला सांगता येईना की त्याने केली असती की नसती. चार दिवसांपूर्वी तिने छातीठोक सांगितलं असतं. पण मधे त्या चौदा गायी आल्या होत्या. तिने कागद परत सरकवला.

"काढली कुणी ती?" मंडळातला एक जण फाडकन बोलला.

"मी," पेडर दारातून म्हणाला.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"सांगायला कशाला हवं कुणी? जागा नव्हती. येऊन गेलेली होती, काढली."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. गुडरुनने तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आला होता. एक क्षण गेला, दुसरा गेला, आणि मग मंडळाच्या माणसाने पेडरला जे बोलायचं ते बोलायला सुरुवात केली. मूर्ख, ठोंब्या, वीस वर्षांच्या कामावर शाई ओतलीस. पेडर मान हलवत ऐकत होता, जणू ते दुसऱ्या कुणाविषयी चाललं होतं. कागदावर खोटं लिहायला जिचा हात धजला नाही, तिची जीभ मात्र टाळ्याला चिकटून राहिली.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "असं का बोललास?"

"तुला पेपर चालवायचाय. मला कोण विचारतंय?"

"मी उद्या सांगते त्यांना."

"सांग हवं तर," पेडर म्हणाला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

उद्या शनिवार होता, परवा रविवार. मतदान रद्द झाल्याची बातमी पुढच्या गुरुवारी तिने स्वतः छापली, सहा ओळींत. 'छापखान्यातील चुकीमुळे' एवढंच लिहिलं. तेवढ्याने तिचं मन मानलं असं नाही. पण मनाला गप्प बसवायला तेवढं पुरलं.

मार्लिस परत गेली. गावाने पेडरला धरलं. केशकर्तनालयात त्याचा नंबर मागे मागे जायचा. कॅफेत तो बसला की टेबलावरचे उठत नसत, फक्त बोलणं थांबवत. कुणीतरी एक विनोद काढला आणि तो चिकटलाच: "काय पेडर, आज काय काढलंस?" दुकानात, टपालात, चर्चच्या पायरीवर. पोरंसुद्धा म्हणायची. पेडर हसायचा. वर आणखी एक आवई उठली, की नेल्सने त्याला बाटली पाजून नोटीस काढायला लावली. मग नेल्सकडेही लोक पाठ फिरवू लागले. नेल्स हेकट माणूस, खुलासा करणाऱ्यांतला नव्हता.

दर बुधवारी गुडरुन यंत्रावर बसली की तिला वाटायचं, दोन ओळींचं काम आहे. यंत्रावर मिनिटभर लागेल. पण एका आठवड्यात शाळेच्या निवडणुका आल्या, एकात डॉक्टर हार्लोला गेल्याची बातमी, एकात नाताळ. डिसेंबर संपला तसा दवाखाना बंद झाला. खाटा गाडीत चढवताना गाव रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभं होतं, आणि पेडर त्यांच्यापासून दहा पावलं लांब. ती जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. तेवढंच तिच्याने झालं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी नेल्स छापखान्यात आला होता. चाऱ्यावाचून गुरं ठेवणं जमेना, लिलावाची जाहिरात द्यायची होती. गुडरुन त्याचा कागद वाचत असताना मागे काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. पेडर कागदांच्या गठ्ठ्यावर बसला होता. डावा हात मांडीवर, चेहरा मातीच्या रंगाचा.

"काही नाही," तो म्हणाला. "जरा बसतो."

गावात डॉक्टर नव्हता. हार्लो अडतीस मैल. नेल्सने त्याला उचलून आपल्या पिकअपमध्ये बसवलं, गुडरुन दुसऱ्या बाजूने चढली, दोघांच्या मध्ये पेडर. वारा शेतातला बर्फ उचलून रस्त्यावर टाकत होता. नेल्स शिव्या देत चालवत होता, दोनदा उतरून फावड्याने वाट केली. पेडरचं डोकं गुडरुनच्या खांद्यावर. त्याच्या कपाळाचा घाम तिच्या कोटाला लागत होता.

"नेल्स," पेडर म्हणाला, "कर वाचला ना तुझा?"

"गप रे."

"मत द्यायलाही मिळालं नाही तुला."

"गप म्हणतो ना. दम राख."

गुडरुन त्याच्या कानाशी वाकली. "पेडर, मी सांगणार आहे. या गुरुवारी. छापणार आहे."

तो ऐकत होता की नाही कळलं नाही. त्याचे ओठ हलले. "दुसरं पान सैल राहिलंय," असं काहीसं तो म्हणाला. आणखी चार-पाच मैल गाडी गेली. मग तिच्या खांद्यावरचं वजन वाढलं.

"नेल्स, सावकाश चालव," ती म्हणाली. "आता घाई नाही."

नेल्सने तिच्याकडे पाहिलं नाही. वेगही कमी केला नाही. हार्लोच्या दवाखान्याच्या दारापर्यंत त्याने गाडी तशीच पळवली.

बुधवारी यंत्रावर कागद घालायला माणूस नव्हता. सकाळी नेल्स स्वतःहून आला, कोट खिळ्याला अडकवला आणि म्हणाला, "कसं करायचं ते दाखव." तिने दाखवलं. तोवर तिचं बाकीचं झालं होतं. पेडरचा मृत्युलेख पहिल्या पानावर, वरती. जन्म टेलेमार्क, नवव्या वर्षी बोटीने आला, चौतीस वर्षं या छापखान्यात. मृत्यू हार्लोच्या रस्त्यावर, गाडीत, कारण व्हेस्टबीत दवाखाना नाही. आणि त्याखाली: चोवीस ऑगस्टच्या अंकातली दवाखान्याची नोटीस पेडर मोएनने आपणहून काढली नाही. काढायला मी सांगितलं. दोनदा सांगितलं. दोष त्याने स्वतःवर घेतला आणि सहा महिने मी तो घेऊ दिला. नेल्स हाउगेरूडचाही यात काही हात नव्हता. गुडरुन ट्वेट.

पहिला कागद यंत्रातून निघाला तसा नेल्सने उचलला. शाई ओली होती. तो उजेडाकडे धरून हळूहळू, ओठ हलवत वाचत गेला. शेवटपर्यंत आला, पुन्हा वरती गेला. यंत्र रिकामं फिरत होतं.

"हे तो असताना छापायचं होतंस," तो म्हणाला.

"हो."

त्याने कागद फळीवर ठेवला. त्याच्या अंगठ्याची काळी खूण समासात उठली होती. मग तो यंत्रापाशी गेला आणि पुढचा कागद घातला, त्याच्या पुढचा घातला. नऊशे कागद होईपर्यंत तो तिथून हलला नाही.